अर्ध्या मिलिमीटरचे कवच

अणुभट्टी म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो काँक्रीटचा घुमट. किरणोत्सर्गाला अडवणारी पहिली भिंत मात्र त्याच्या खूप आत, इंधनाला चिकटून असते. भारतातल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत तिची जाडी अर्धा मिलिमीटरही नाही. झिर्कोनियमच्या मिश्रधातूची ही नळी. तिच्या आत युरेनियम ऑक्साइडच्या काळ्या गोळ्या एकापुढे एक बसवलेल्या असतात आणि बाहेरून सुमारे तीनशे अंश तापलेले पाणी प्रचंड दाबाने वाहते. युरेनियमच्या विखंडनातून तयार होणारे सारे विषारी घटक या नळीतच राहिले पाहिजेत. तिला केसाएवढी चीर गेली तरी ते पाण्यात उतरतात.

हे काम पोलादही करू शकते, पण पोलाद न्यूट्रॉन गिळते आणि न्यूट्रॉन संपले की भट्टी विझते. तुर्भ्याच्या ‘अप्सरा’ आणि ‘सायरस’ या संशोधन भट्ट्यांत ॲल्युमिनियम चालले, कारण तिथले पाणी फारसे तापत नव्हते. वीज करायची तर ॲल्युमिनियम टिकत नाही. झिर्कोनियमचे नाव आधी बादच झाले होते, कारण मोजणीत तेही न्यूट्रॉनखाऊ दिसत होते. दोष त्याचा नव्हता. निसर्गात त्याच्यासोबत हाफ्नियम असते आणि न्यूट्रॉन खाते ते हाफ्नियम. १९४०च्या दशकाअखेर हे अमेरिकेत उलगडले. मग अमेरिकी नौदलातल्या ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडी-कार्यक्रमाने शुद्ध झिर्कोनियमसाठी पैसा आणि माणसे ओतली. त्यात थोडे कथिल, लोह, क्रोमियम मिसळून ‘झिर्कॅलॉय’ तयार झाले.

आपल्याकडे या नळ्या बनवण्याचे काम हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये चालते. १९७१मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेबद्दल मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे, याची मला खंत वाटते. समुद्रकाठच्या वाळूतल्या झिर्कॉन खनिजापासून सुरुवात होते. हाफ्नियम वेगळे काढायचे, मॅग्नेशियमच्या साहाय्याने धातूचा सच्छिद्र ‘स्पंज’ मिळवायचा, तो निर्वातात वितळवायचा आणि मग दाबून, लाटून, ओढून नळी बारीक करत न्यायची. नळीच्या आतून ग्रॅफाइटचा पातळ थर देतात. गोळी तापून फुगली की नळीवर जो ताण येतो, तो या थराने सौम्य होतो. २२० मेगावॅटच्या भट्टीसाठी अशा १९ नळ्यांचे जेमतेम अर्ध्या मीटरचे एक बंडल बनते. नळ्या एकमेकींना घासू नयेत म्हणून त्यांच्यावर बोटाच्या पेराहूनही लहान ठोकळे स्पॉट वेल्डिंगने बसवतात. भट्टीत ३०६ वाहिन्या असतात आणि प्रत्येकीत अशी १२ बंडले.

झिर्कोनियमचा एक स्वभाव मात्र घातक आहे. बाराशे अंशांच्या आसपास ते वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेते. त्यातून आणखी उष्णता निघते आणि मोकळा होतो हायड्रोजन. ११ मार्च २०११ला त्सुनामीने जपानमधल्या फुकुशिमा अणुवीजकेंद्राची डिझेल जनित्रे बुडवली, थंड करणारे पाणी थांबले आणि नेमके हेच घडले. दुसऱ्या दिवशी पहिल्या भट्टीची इमारत हायड्रोजनच्या स्फोटाने उडाली. ती भट्टी जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या घराण्यातली. त्याच घराण्यातल्या, तिच्याहून जुन्या दोन भट्ट्या १९६९पासून आपल्या तारापूरला आहेत.

त्यानंतर जगभर शोध सुरू झाला तो या नळीवर दुसऱ्या धातूचा मुलामा देण्याचा. सर्वांत पुढे गेले क्रोमियम. तांब्याच्या भांड्याला कल्हई करावी तसा, पण दहा-वीस मायक्रॉनचाच थर. तो धातूच्या वाफेतून बसवतात किंवा बारीक भुकटी प्रचंड वेगाने नळीवर आदळवून. क्रोमियमवर ऑक्साइडची घट्ट साय धरते आणि वाफेला आतल्या झिर्कोनियमपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. थर जाड करता येत नाही, कारण क्रोमियम झिर्कोनियमपेक्षा कितीतरी जास्त न्यूट्रॉन खाते. २०१९मध्ये अमेरिकेतल्या बायरन आणि व्होग्टल या वीजकेंद्रांत अशा नळ्या प्रत्यक्ष भट्टीत गेल्या.

हा मुलामा अभेद्य नाही. साधारण १,३३० अंशांना क्रोमियम आणि झिर्कोनियम एकमेकांत विरघळून वितळू लागतात आणि तिथे त्याची मदत संपते. तोवर पंप पुन्हा चालू करायला अधिक अवधी मिळतो. अपघातात हा अवधी अमूल्य असतो, म्हणून हे काम मला महत्त्वाचे वाटते.

पण अमेरिकेचा मुलामा जसाच्या तसा आपल्याकडे उचलून चालणार नाही. तिथले युरेनियम समृद्ध केलेले असते, थोडे न्यूट्रॉन वाया गेले तरी भागते. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या मुख्यतः नैसर्गिक युरेनियमवर चालतात, तिथे एकेका न्यूट्रॉनचा हिशेब आहे. शिवाय आपल्या नळ्या मुद्दाम इतक्या पातळ ठेवलेल्या असतात की बाहेरच्या दाबाने त्या गोळ्यांवर घट्ट बसतात. वरचा थर तेव्हा तडकता कामा नये. याची परीक्षा आपल्याच भट्टीत, आपल्याच बंडलांवर व्हायला हवी आणि तिचे निकाल लोकांसमोर यायला हवेत.