गौतमी बलश्री : पुत्राच्या नावात वसलेली राजमाता

बाप्तिस्म्याचा जुना दाखला मागावयास धर्मग्रामाच्या कार्यालयात कोणी आले की आम्ही त्यांना आजोबांचे नाव विचारतो. ते तत्काळ सांगितले जाते. पणजोबांचे नावही बहुधा आठवते. आजीचे नाव विचारले की मात्र क्षणभर शांतता पसरते. ‘आम्ही तिला बाईच म्हणायचो’, ‘वस्तीवर तिला माहेरच्या गावाच्या नावाने ओळखत’ अशी उत्तरे येतात. जिच्या मांडीवर आपण वाढलो तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, हे ध्यानात येताच सांगणारा स्वतःच ओशाळतो. मग नोंदवही उघडावी लागते. त्या वहीत पित्याच्या नावाशेजारी मातेच्या नावालाही जागा असते, म्हणून शोध लागतो.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिले जावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या मार्च महिन्यात घेतला. त्यावर घरोघरी चर्चा झाली. कोणाला तो स्वागतार्ह वाटला, कोणाला अर्जातली आणखी एक कटकट वाटली, आणि काहींनी ‘हे परदेशी खूळ’ असेही म्हटले. या शेवटच्या मंडळींना आम्ही आपल्या शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेल्या पैठणची आठवण करून देऊ इच्छितो.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने ‘बैठण’ या नावाने तिची नोंद केली असून तेथे ‘सिरो पोलेमायोस’ राज्य करतो असे म्हटले आहे. हा पोलेमायोस म्हणजे आपला श्री पुळुमावी. या घराण्यातील राजांची नावे पाहावीत : गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, माढरीपुत्र शकसेन. प्रत्येकाच्या नावाआधी त्याची आई उभी आहे. ही केवळ राजवाड्याची रीत होती असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे दान देणारा एक राजवैद्य स्वतःला ‘वाछीपुत्र मगिल’ म्हणवतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचे दर्शनी बांधकाम ज्याच्या दानातून झाले तो ‘वासिष्ठीपुत्र कटहादी’. राजा असो वा वैद्य, आईच्या कुळाची खूण नावात मिरवण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना हे अगदीच अपरिचित वाटू नये. जुन्या करारातील ‘राजे’ या ग्रंथांत यहूदाच्या राजांचा वृत्तांत सुरू होताना बहुतेक ठिकाणी त्याच्या आईचे नाव आवर्जून दिलेले असते. रहबामाची आई अम्मोनी वंशाची नामा, योशीयाची आई यदीदा. शलमोनाने सिंहासनावरून उठून आपली आई बथशेबा हिला वंदन केले आणि तिच्यासाठी आपल्या उजवीकडे आसन मांडविले, हा प्रसंगही तेथेच आहे. आपण ही नावे वाचताना भराभर पुढे जातो, ही गोष्ट वेगळी.

तथापि एक गैरसमज टाळावयास हवा. नावात आई आहे म्हणून सातवाहनांचे राज्य मातृसत्ताक होते असे नव्हे. गादी पित्याकडून पुत्राकडेच जात असे. शिवाय गौतमी, वासिष्ठी, माढरी ही त्या स्त्रियांची पाळण्यातली नावे नव्हेत, ती गोत्रावरून पडलेली नावे आहेत. गौतम गोत्राची ती गौतमी, वसिष्ठ गोत्राची ती वासिष्ठी. ज्या गोदावरीच्या काठी पैठण वसले आहे तिलाही गौतम ऋषींच्या कथेमुळे गौतमीच म्हणतात. म्हणजे पुत्राने आपल्या नावापुढे आईला बसविले खरे, पण बसविले ते तिच्या कुळाला. ती स्वतः कोण, तिला घरी काय म्हणून हाक मारीत, हे त्या बिरुदातून कळत नाही. वासिष्ठीपुत्र म्हणविणारे राजे अनेक झाले, पण त्यांच्या मातांची स्वतःची नावे काळाच्या उदरात गेली.

मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर जो लेख आहे तो या बाबतीत फार बोलका आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा त्यात उल्लेख आहे. ती कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रपाची कन्या, एवढे वाचता येते. पती कळतो, पिता कळतो, कुळ कळते. दगड फुटला आहे आणि नाव राहिलेले नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दैव थोडे उदार झाले. तेथील गुहेत राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. आज त्यांच्या पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत, परंतु डोक्यावरची नावे वाचता येतात. त्यांत ‘देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी’ असा क्रम आहे. राणी आधी, राजा मागाहून. हीच नागनिका राणी.

परंतु ज्या राणीसाठी हा लेख लिहावयास आम्ही बसलो, ती गौतमी. तिचे स्वतःचे नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक आहे याचे श्रेय पुत्राला जात नाही. ते तिने स्वतः कोरून घेतले.

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात पांडवलेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. शिलालेखांत त्या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हटले आहे, म्हणून हल्ली पुष्कळ जण ‘त्रिरश्मी’ हे नाव वापरतात. यांपैकी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यासमोर उभे राहिले की ओवरीच्या पायाशी कमरेपर्यंत कोरलेले सहा धिप्पाड पुरुष दिसतात. पालखीचे दांडे खांद्यावर घ्यावेत तसे त्यांनी ते सगळे लेणे उचलून धरले आहे. आत शिरताना मागच्या भिंतीवर, दाराच्या वरच्या बाजूस ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. भगवानलाल इंद्रजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, जर्मन पंडित ब्यूलर, फ्रेंच पंडित सेनार अशा थोर अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकापासून या लेखांवर परिश्रम केले. त्यामुळे आज तुम्हांआम्हांस त्यांचा अर्थ कळतो.

तेथे दोन लेख आहेत, ज्यांत आम्हांस एका आईचे अवघे आयुष्य दिसते.

पहिला लेख गौतमीपुत्राच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षाचा. तो गोवर्धन येथील श्यामक नावाच्या अमात्याला दिलेला हुकूम आहे, आणि हुकूम देणारे दोघे आहेत : राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि ‘जीवसुता’ महादेवी राजमाता. विषय अगदी व्यवहाराचा. डोंगरावरील भिक्षूंना पूर्वी कखडी गावातील शेत दिले होते. ते शेत कोणी कसत नाही, गावही वसत नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी. दान देऊन मोकळे व्हावयाचे नाही, दिलेल्या जमिनीत पीक येते की नाही हेही पाहावयाचे, अशी ही राजमाता होती. या हुकुमाच्या कामात लोटा नावाच्या एका प्रतिहारीचाही उल्लेख आहे. राजद्वारी काम करणाऱ्या एका सामान्य स्त्रीचे नाव असे दगडावर टिकून राहिले, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

मात्र आमचे मन अडते ते ‘जीवसुता’ या शब्दापाशी. जिचा पुत्र जिवंत आहे ती जीवसुता. राजाच्या आईने आपल्या अनेक पदव्यांमधून ही पदवी निवडावी! ती म्हणजेच गौतमी बलश्री, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरा लेख म्हणजे तिचा स्वतःचा, दाराच्या वरचा. काळ बदलला आहे. आता नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर असून त्याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष चालू आहे. उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस. लेणे भद्रयानीय पंथाच्या बौद्ध भिक्षुसंघास अर्पण केले जात आहे. देणारी आहे ‘महादेवी गौतमी बलश्री’. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, तप, संयम, व्रत आणि उपवास यांत तत्पर, अशी ती आपली ओळख सांगते. महाराजाची माता आणि महाराजाची आजी, हेही सांगते. या वेळी ‘जीवसुता’ हा शब्द नाही.

त्यानंतर त्या लेखात पुत्राची स्तुती सुरू होते आणि ती थांबतच नाही. अस्मक, मूलक, विदर्भ, अपरान्त, सौराष्ट्र, अवन्ती अशा देशांचा तो राजा. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. शक, यवन, पल्हव यांचा त्याने नाश केला आणि क्षहरात वंश निर्मूल केला. प्रजेच्या सुखात सुख आणि दुःखात दुःख मानणारा, धर्माप्रमाणेच कर घेणारा, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची आवड नसलेला. त्याच वाक्यांच्या ओघात, जणू सहज, एक गोष्ट येते : आईची सेवा त्याने कधी खंडू दिली नाही. इतिहासकारांना या लेखातून राज्याच्या सीमा मिळतात, आणि ते योग्यच आहे. पण मृत पुत्राविषयी बोलणारी आई एकदा बोलू लागली म्हणजे तिला थांबवू नये, हे ज्यांनी शोकाकुल घरी सांत्वनासाठी भेटी दिल्या आहेत त्यांना ठाऊक असते. आम्ही तरी हा लेख तसाच वाचतो.

ही स्तुती आजच्या वाचकास सर्वस्वी गोड लागेल असे मात्र नाही. पुत्राने चारही वर्णांची सरमिसळ थांबविली, हेही ती अभिमानाने नोंदविते. मराठवाड्यातील ज्या समाजांनी वर्णभेदाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली त्यांनी या ओळीवर रागवावे, हे रास्त आहे. थोर स्त्रीदेखील आपल्या काळाची लेक असते. त्याच वेळी, वैदिक परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या या घराने बौद्ध भिक्षूंना डोंगर पोखरून निवास करून दिला, हेही त्याच दगडावर लिहिलेले आहे. दोन्ही वाचावे.

गौतमीपुत्राने ज्याचा पराभव केला तो क्षहरात राजा नहपान. १९०६ साली नाशिकजवळील जोगलटेंभी येथे त्याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर विजेत्याने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर आता अक्षरे उमटली : ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी’. शत्रूच्या मुखावर आईचे गोत्र उमटविणारा हा ठसा त्या काळी बाजारात हातोहात फिरला असेल. इकडे पांडवलेण्यांतच नहपानाच्या कन्येचेही नाव आहे. दहाव्या लेण्यात दक्षमित्रा नावाच्या या राजकन्येने एक ‘ओवरक’ दान दिल्याचा लेख आहे. आपली मराठी ‘ओवरी’ याच शब्दावरून आली. जिंकणाऱ्याची आई आणि हरणाऱ्याची लेक, दोघींची नावे एकाच डोंगरात, हाकेच्या अंतरावर टिकून आहेत.

लोकस्मृतीची तऱ्हा मात्र निराळी. पैठणात आजही शालिवाहनाची कथा सांगतात. कुंभाराच्या घरी वाढलेला मुलगा मातीचे हत्ती, घोडे, शिपाई घडवितो, त्यांत प्राण भरतो आणि शत्रूला पळवून लावतो. इ. स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या शकाला त्याचे नाव पुढे जोडले गेले आणि आपल्या पंचांगांत ते रुळले. कथेत कुंभार आहे, शेषनाग आहे, घोडेदेखील आहेत. आईही आहे, पण सांगणारा सहसा तिचे नाव सांगत नाही. २०१७ साली ‘गौतमीपुत्र सातकर्णी’ हा तेलुगू चित्रपट आला व त्यात हेमा मालिनी यांनी बलश्रीची भूमिका केली, तेव्हा हे नाव अनेक तरुणांच्या कानी प्रथमच पडले असावे.

नाशिकला कधी जाणे झाले तर वाचकांनी थोडी चढण चढून ते लेणे अवश्य पाहावे. बलश्रीच्या लेखाच्या शेवटी पुळुमावीचेही दान नोंदलेले आहे. लेण्याच्या सजावटीसाठी त्याने डोंगराच्या नैर्ऋत्येस असलेले पिसाजिपदक हे गाव दिले आणि त्याचे पुण्य आपल्या पित्याला वाहिले. असे का केले, याचे कारणही तेथेच आहे : आजीची सेवा करावी, तिला आवडेल ते करावे, या इच्छेने. या ठिकाणी प्राकृतात जो शब्द वापरला आहे तो ‘अयका’, आणि स्वतः राजासाठी ‘णता’. आपण त्यांना आजी आणि नातू म्हणतो.