निळ्या-पांढऱ्या रबरांचे दिवस

ऑक्टोबर 2021 मध्ये कोरोनामुळे बंद असलेले शहरांतले आठवीपासूनचे वर्ग पुन्हा भरायला लागले आणि त्याच सुमाराला माझ्या लेकीच्या दातांना तारा बसल्या. त्याआधीचा सगळा पावसाळा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात एकच विषय होता: तारा की अलायनर? जुलैच्या पुराचं पाणी ओसरल्यावर पहिली तपासणी झाली, एक्स-रे निघाला, साचे घेतले, आणि मग घरातल्या प्रत्येकाला मत फुटलं. आता तारा निघूनही बराच काळ लोटला आहे. म्हणून तेव्हा काय ठरवलं, का ठरवलं आणि त्यातलं काय बरोबर निघालं हे शांतपणे मांडावंसं वाटतं. आमच्या गल्लीतच आज बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे आईबाप हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

लेकीचा उजवा सुळा हिरडीत उंचावर आला होता, कारण खाली त्याला जागाच उरली नव्हती. पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले, वरची ओळ थोडी पुढे. तिला अलायनर हवे होते. पुण्याच्या मावसभावाचे तिने पाहिले होते. पारदर्शक, काढता-घालता येणारे, फोटोत न दिसणारे. मलाही तेच बरं वाटत होतं. तेराव्या वर्षी तोंडात लोखंड घेऊन शाळेत जायचं म्हणजे पोरीला काय वाटेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

डॉक्टरांनी चर्चेची दिशाच बदलली. दिसणं बाजूला ठेवून त्यांनी तिला सरळ विचारलं, ‘‘डबा खाताना काढशील. मग दात घासून लगेच परत घालशील?’’ ती म्हणाली, ‘‘डबा झाला की आम्ही थेट ग्राउंडवर जातोय. मी विसरणार.’’ तेरा वर्षांच्या मुलीने दिलेलं ते प्रामाणिक उत्तर पुढच्या सगळ्या निर्णयाचा पाया ठरलं. अलायनर दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवा. एकेका साच्यात दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो, मग पुढचा साचा. तो दुपारभर कंपासपेटीत राहिला, की दात ठरल्या जागी पोचत नाही आणि पुढचा साचा बसतच नाही. तारांचं तसं नाही. त्या रात्री झोपेतही काम करतात, मुलाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाहीत. खर्चाचा आकडाही आम्हाला अलायनरसाठी तारांच्या दुपटीहून जास्त सांगितला होता, पण खरं सांगायचं तर निर्णय तिच्या त्या एका वाक्यावर झाला.

दुसरं कारण वैद्यकीय होतं. वरच्या दोन छोट्या दाढा काढून जागा करायची, सुळा खाली आणायचा आणि उरलेली फट बंद करायची होती. एवढं लांबचं सरकवणं, तेही मुळासकट सरळ उभं ठेवून, तारेने जितकं ताब्यात राहतं तितकं प्लॅस्टिकच्या साच्याने राहत नाही. दाढा काढायचं नाव निघताच सासूबाई उखडल्या. ‘‘चांगलं धडधाकट दात उपटायचं कशाला गं?’’ त्यांचा हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी या शास्त्राच्या मुळाशी होता हे मला नंतर वाचताना कळलं. वाकड्या दातांचं वर्गीकरण 1899 मध्ये मांडणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल हे दात काढण्याच्या कट्टर विरोधात होते. त्यांचेच अनुयायी, ॲरिझोनातल्या टक्सनचे चार्ल्स ट्वीड, यांना आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा सरकताना दिसले. त्यांनी काहींवर छोट्या दाढा काढून नव्याने उपचार केले आणि ते निकाल जगापुढे ठेवले. आजही सरसकट दात काढत नाहीत. एक्स-रे आणि मोजमापं बघून ठरवतात. सासूबाईंना डॉक्टरांनी तो एक्स-रे पडद्यावर दाखवला. सुळ्याला जागा नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, मग त्या काही बोलल्या नाहीत.

तारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जो जाडजूड सांगाडा येतो, तो आता फारसा राहिलेला नाही, हेही सांगायला हवं. अँगलच्या काळात दाताभोवती धातूचे पट्टे ठोकत आणि सोन्याच्या तारा वापरत. 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत केला तर त्यावर ॲक्रिलिक घट्ट चिकटतं हे दाखवलं, आणि पुढे पट्ट्यांच्या जागी चिकटवायचे छोटे ब्रॅकेट आले. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू 1970 च्या दशकात दातांसाठी वापरात आला. ही तार वाकवली तरी मूळ आकाराकडे परतत राहते, त्यामुळे थोडा पण सतत दाब मिळतो. नेमका तसाच दाब शरीराला मानवतो. दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा थर असतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, उलट बाजूला नवं हाड भरतं. घाई केली तर मूळच झिजायची भीती. म्हणून दर महिना-दीड महिन्याने बोलावणं आणि प्रत्येक वेळी थोडंसंच काम.

पहिले महिने मास्कने सांभाळले. वर्गात सगळ्यांचीच तोंडं झाकलेली, त्यामुळे तारा कोणाला दिसल्याच नाहीत. 2 एप्रिल 2022 च्या पाडव्याला राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, आणि तेव्हा मला खरी धास्ती वाटली. ती वायाच गेली. वर्गात आणखीही मुलांना तारा होत्या. मुलांनी दोन दिवस बघितलं आणि सोडून दिलं.

त्रास झाला तो खाण्याचा. तार बदलली की दोन-तीन दिवस दात ठणकायचे. तेव्हा पांढरा रस्सा आणि मऊ भात हेच पोट भरायचं साधन. रस्सा तिला एरवीही आवडतो, पण त्या दिवसांत तिने तो वाट्यांमागून वाट्या प्यायला. तांबड्या रश्श्याची गोष्ट वेगळी. हळद आणि तिखटाने ब्रॅकेटभोवतीची पारदर्शक रबरं एका जेवणात पिवळी पडतात, म्हणून डॉक्टरांनीच गडद रंग निवडायला सांगितलं. करवीर तालुक्यातल्या नातेवाइकांकडे गुऱ्हाळ लागलं की ऊस चावायचा नाही, रस प्यायचा. रंकाळ्यावरचं कणीस दाणे काढून खायचं. हाडं फोडायची नाहीत. पहिल्या संक्रांतीला कडक तिळाच्या वडीने एक ब्रॅकेट सुटलाच. आणि दर जेवणानंतर दात घासणं. ते चुकलं तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे चट्टे राहतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. तारांचा खरा धोका हाच आहे, दिसण्याचा नव्हे. अलायनर काढून दात घासता येतात हा त्यांचा मोठा गुण, तो मान्य करायलाच हवा.

ती फुटबॉल खेळते. आमच्या पेठेत पोरं चालायला लागली की चेंडूला लाथ मारतात, तशीच हीही. तारांवर चेंडू बसला तर ओठ आतून फाटतो, म्हणून तारांवरून बसणारा माउथगार्ड घेतला. नोव्हेंबर 2022 मध्ये विश्वचषक सुरू झाला. चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट, गल्लोगल्ली झेंडे, घराघरांत दोन तट. त्या वेळच्या भेटीत तिने डॉक्टरांकडे आळीपाळीने निळी आणि पांढरी रबरं मागितली. 18 डिसेंबरच्या रात्री अर्जेंटिना जिंकली तेव्हा ती तोंड भरून हसत होती, आणि फोटोंत त्या तारा आहेतच. जी गोष्ट लपवायची म्हणून आम्ही एवढे वाद घातले, ती तिने स्वतःहून रंगवून मिरवली. त्या वयाची मुलं काय लपवतील आणि काय मिरवतील, हे आपण त्यांच्या वतीने ठरवू नये असं मला तेव्हापासून वाटतं.

पुण्याच्या भाच्याचं अलायनरवर उत्तम झालं, हेही तितकंच खरं. त्याला फक्त पुढच्या दातांत फटी होत्या, वय सोळा, आणि स्वभावाने घड्याळाच्या काट्यावर चालणारा. एकदा हॉटेलात कागदी रुमालात गुंडाळलेला साचा कचऱ्यात गेला, तेवढंच. साच्यांनी दात सरकवण्याची कल्पना तशी जुनी. हॅरोल्ड केसलिंग यांनी 1945 मध्ये रबराचं असं साधन मांडलं होतं. 1997 मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी स्थापलेल्या कंपनीने संगणकाच्या मदतीने साच्यांची मालिका बनवली आणि इनव्हिझलाइन आलं. 2008 मध्ये किशोरांसाठीची आवृत्ती काढताना त्यांनी साच्यावर निळा ठिपका ठेवला. तो वापरानुसार फिकट होतो, म्हणजे मुलाने साचा खरंच घातला का ते डॉक्टरांना कळतं. किशोरांची अडचण कुठे आहे, हे बनवणाऱ्यांनीच ओळखलं होतं.

एका गोष्टीवर मात्र मला कळकळीने बोलायचं आहे. तपासणी न करता घरपोच साचे पाठवणाऱ्या जाहिरातींना मुलांच्या बाबतीत बळी पडू नका. अशाच धंद्यातली अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर 2023 मध्ये अचानक बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले लोक वाऱ्यावर राहिले. वाढत्या वयात एक्स-रे न बघता दात हलवणं हा खेळ नव्हे. बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेला माणूस समोर बसून बघतो का, हे आधी विचारा, साहित्याचं नाव मागाहून.

दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात तारा निघाल्या. सुळा जागेवर आहे. दात जागेवर राहावेत म्हणून खालच्या दातांमागे एक बारीक तार कायमची चिकटवली आहे आणि वर रात्री रिटेनर घालायचा असतो. तो आठवडाभर चुकला की घट्ट बसतो, म्हणजे दात निघाले परत. आता तो ती स्वतःहून घालते, मला सांगावं लागत नाही.

सध्या धाकट्याची पाळी आहे. त्याचा खालचा जबडा मागे आहे, दात बऱ्यापैकी सरळ. त्याच्यासाठी आधी ट्विन ब्लॉक नावाचं काढता-घालता येणारं साधन सुचवलं आहे. जबड्याच्या वाढीचे दिवस हातात आहेत तोवरच त्याचा उपयोग. त्यानंतर उरलंसुरलं तारांनी की अलायनरने हे वर्षभराने बघायचं आहे, आणि डॉक्टर तो प्रश्न मला विचारणार नाहीत, त्यालाच विचारतील.