पंप उतरवण्याआधी नळी बघा

दिल्लीत १ जुलै २०२५पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. जव्हार-मोखाड्यात असा नियम लावायचा म्हटला, तर आधी पाड्यांवरच्या माणसांना विचारावं लागेल. एसटी चुकली की बाजार असो वा दवाखाना, आधार जुन्या डिझेल जीपचाच. तेव्हा ती धडधाकट कशी ठेवायची, हा आपला प्रश्न.

तोरंगण घाटाच्या चढावर गाडी ओढेनाशी झाली की पहिला संशय इंजेक्शन पंपावर जातो. तो उतरवला की बिल हजारांत. माझं ठाम मत आहे, पंपाची पाळी शेवटी यावी. आधी टाकीपासून पंपापर्यंतची वाट तपासा.

या वाटेवर डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. म्हणून नळीला चीर पडली तरी डिझेल बाहेर गळेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, हा समज इथे फसवतो. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, पण हातपंप मारला की इंजिन लगेच धरतं, ही हवा घेतल्याची खूण. पंपात शिरणाऱ्या नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले तर सांधा-सांधा मागे सरका. ते जिथे दिसेनासे होतील, त्याच्या लगेच पुढचा सांधा दोषी. पुष्कळदा सैल क्लिप किंवा दबलेला तांब्याचा वॉशर एवढंच निघतं.

हवा नसेल तर फिल्टर पाहा. टाकीचं झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज येऊन गाडी सुधारली, तर झाकणाचं श्वासछिद्र बुजलंय. इथल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढायला हवंच. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि नोझल, सुरू करताना पांढरा असेल तर ग्लो प्लग, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन.

एक मात्र कळकळीने सांगतो. कोणत्या सिलिंडरचं नोझल काम करत नाही हे बघायला इंजिन चालू ठेवून पाइप सैल करायची जुनी रीत कॉमन रेल इंजिनावर कधीही वापरू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते.