न्यू यॉर्क रेनेसान्स : लीगबाहेरचा जगज्जेता

न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९२३ साली उभा राहिलेला आणि १९४९ साली अस्तंगत झालेला ‘न्यू यॉर्क रेनेसान्स’, म्हणजेच प्रेक्षकांच्या तोंडी रुळलेला ‘रेन्स’, हा अमेरिकेतील पहिला असा व्यावसायिक बास्केटबॉल संघ मानला जातो, ज्याचे खेळाडू आणि मालक दोघेही कृष्णवर्णीय होते. त्याचे संस्थापक रॉबर्ट डग्लस हे कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावरून तरुणपणी न्यू यॉर्कला आलेले गृहस्थ. त्यांनी रेनेसान्स कॅसिनो या नव्या नृत्यशाळेच्या मालकाशी करार केला, की संघाने वास्तूचे नाव धारण करावे आणि त्या बदल्यात संघाला सरावासाठी व सामन्यांसाठी तिथली जागा मिळावी. नाचासाठी गुळगुळीत केलेल्या त्याच फरशीवर सामना होई आणि तो संपला की वाद्यवृंद सुरू होऊन प्रेक्षक नाचू लागत; खेळ आणि करमणूक यांच्या या जोडीवर संघाचा चरितार्थ चाले.

१९२५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे ठरावीक संघांनी वर्षभर परस्परांशी खेळण्याच्या बांधीव स्पर्धेत, कृष्णवर्णीय संघांना स्थान नव्हते. त्यामुळे रेन्सना गावोगाव बसने फिरून, मिळेल त्या संघाशी खेळून आपली कमाई करावी लागली. अनेक हॉटेले त्यांना खोली देत नसत आणि अनेक उपाहारगृहे जेवू घालत नसत, म्हणून सामना आटोपल्यावर मुक्कामायोग्य ठिकाण गाठण्यासाठी रात्रीचा लांबचा प्रवास त्यांच्या नित्यक्रमाचाच भाग झाला होता.

या संघाचे सामर्थ्य समजण्यासाठी त्या काळचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यभागी आणून दोन संघांच्या सेंटर खेळाडूंमध्ये वर उडवला जाई, आणि ज्याचा सेंटर उंच व चपळ त्याच्याकडे चेंडू पुनःपुन्हा येत राही. रेन्सपाशी चार्ल्स ‘टार्झन’ कूपर आणि ‘वी’ विली स्मिथ हे दोन उंचेपुरे खेळाडू होते. तरी केवळ उंचीवर हा संघ जिंकत होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांचे खरे शस्त्र होते ते चेंडू हातात न रेंगाळू देता सतत पुढच्या साथीदाराकडे सोपवण्याचे कौशल्य. कर्णधार क्लॅरन्स ‘फॅट्स’ जेंकिन्स याच्या नेतृत्वाखाली १९३२-३३ च्या हंगामात त्यांनी सलग ८८ सामने जिंकले. हा क्रम अखेर मोडला तो ओरिजिनल सेल्टिक्स या गोऱ्या खेळाडूंच्या संघाने. हे दोन संघ एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते, पण सेल्टिक्सचा सेंटर जो लॅपचिक सामन्यापूर्वी भर मैदानात कूपरला आलिंगन देई, आणि त्या काळात ही गोष्ट मुळीच लहान नव्हती.

१९३९ साली शिकागोत भरलेल्या पहिल्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत गोरे आणि कृष्णवर्णीय संघ एकाच चषकासाठी खेळले. उपांत्य फेरीत हार्लेम ग्लोबट्रॉटर्सना हरवून रेन्सनी अंतिम सामन्यात ऑशकॉश ऑल-स्टार्सचा ३४-२५ असा पराभव केला. विजेत्यांना मिळालेल्या जाकिटावर ‘कृष्णवर्णीय जगज्जेते’ अशा अर्थाची अक्षरे होती. त्यांतला वर्णवाचक शब्द जॉन आयझॅक्स या खेळाडूने पात्याने काढून टाकला, कारण ते जगज्जेतेपद कोणत्याही विशेषणावाचून त्यांचे होते.

१९४८ साली याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सनी रेन्सना ७५-७१ असे हरवले. त्याच वर्षाच्या अखेरीस नॅशनल बास्केटबॉल लीगमधील डेट्रॉइटचा संघ बुडाल्यावर त्याची जागा रेन्सना देण्यात आली. डेटन शहराच्या नावाने आणि पॉप गेट्स याच्या मार्गदर्शनाखाली ते खेळले, पण बुडालेल्या संघाचे पराभवही त्यांच्याच खात्यावर धरले गेले. पुढल्या वर्षी ही लीग प्रतिस्पर्धी लीगमध्ये विलीन होऊन एनबीए जन्माला आली, तेव्हा रेन्सना त्यात घेतले नाही. ज्या संघाने दोन पिढ्यांना सांघिक बास्केटबॉल कसे खेळावे हे दाखवले, त्याला दाराशी थांबवणे हा उघड अन्याय होता.

१९५० साली रेन्सचा माजी खेळाडू नॅट ‘स्वीटवॉटर’ क्लिफ्टन एनबीएच्या न्यू यॉर्क निक्स संघात दाखल झाला, आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता जो लॅपचिक. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये संपूर्ण रेन्स संघाला १९६३ साली आणि डग्लस यांना १९७२ साली स्थान मिळाले.