परीक्षेतील घाई आणि नजरचूक

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेपासून जवळच, नवलाख उंबरे नावाचे एक गाव आहे. एका अंगास भाताची खाचरे आणि दुसऱ्या अंगास तळेगावच्या औद्योगिक वसाहतीचे कारखाने, अशी त्याची आजची स्थिती आहे. माझा एक पुतण्या तेथे राहतो आणि त्या वसाहतीतच नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेलो असता त्याची कन्या ओसरीवर शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव करीत बसली होती. ती तेव्हा पाचवीत होती. पुतण्या मला म्हणाला, "काका, हिला सगळं येतं हो, पण फार धांदरट आहे. येणाऱ्या गणितांतच मार्क घालवते." मुलीने मान खाली घातली. 'धांदरट' हा शब्द ती प्रथमच ऐकत नव्हती, हे उघड दिसत होते.

मी गमतीने तिला एक प्रश्न घातला. तुमच्या गावात खरोखरीच नऊ लाख उंबरे असते आणि दर सेकंदास एक याप्रमाणे कोणी ते न थांबता मोजले असते, तर त्यास किती वेळ लागला असता? समोर घड्याळ ठेवले. तिने भराभर आकडेमोड केली आणि उत्तर दिले, एक दिवस एक तास. खरे उत्तर दहा दिवस दहा तास असे आहे. मी तिची वही पाहिली. सेकंदांचे तास करण्यासाठी ३,६०० ने भागावयाचे आणि तासांचे दिवस करण्यासाठी २४ ने, हे तिला पक्के ठाऊक होते. फक्त नऊ लाख लिहिताना तिने ९०,००० लिहिले होते. एक शून्य गळले आणि २५० तासांचे २५ तास झाले. ती म्हणाली, "आजोबा, घड्याळाकडं पाहिलं की माझे आकडे पळतात."

श्रोतेहो, हे आकडे केवळ नवलाख उंबऱ्यातच पळतात असे नाही. ज्या घरी शिष्यवृत्तीची, नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाची किंवा वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देणारे मूल आहे, त्या घरी ही तक्रार ऐकू येतेच. या तक्रारीवर आपण जो उपाय करतो तो बहुधा दोन प्रकारचा असतो. एक, मुलास रागावणे. दुसरा, त्यास आणखी प्रश्न सोडवावयास लावणे. हे दोन्ही उपाय निष्फळ का ठरतात, आणि त्यांच्या जागी काय करावे, याचा थोडा विचार आज करू.

प्रथम अज्ञान आणि नजरचूक यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ज्यास भागाकार येत नाही त्यास तो शिकविला पाहिजे. परंतु ज्यास तो येतो आणि तरीही ज्याचे उत्तर चुकते, त्याची उणीव ज्ञानाची नसून काम करण्याच्या रीतीची असते. आणि रीत ही स्वभावासारखी जन्मजात नसते. ती बदलता येते. वेग आणि अचूकपणा यांचे वैर तर माणसाच्या हातातच आहे. रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ साली हाताच्या हालचालींवर प्रयोग करून दाखविले की, डोळ्यांनी पाहून केलेल्या हालचालीचा वेग जसजसा वाढवावा तसतसा तिचा नेमकेपणा घटत जातो. म्हणजे घाईत चुकणे हा कोणा एका मुलाचा दुर्गुण नव्हे. प्रश्न इतकाच उरतो की, ठरलेल्या वेळात ही घाई कोठे करावी आणि कोठे करू नये.

त्यासाठी आधी वेळेचा हिशेब मांडला पाहिजे. या मुलीच्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न होते, प्रत्येकी दोन गुण, आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद. नवोदयच्या सहावीच्या निवड परीक्षेत ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. २०२५ च्या 'नीट' परीक्षेत तर १८० प्रश्न आणि १८० मिनिटे होती. तथापि ही सरासरी आहे, आणि सरासरीवर विसंबणारा फसतो. समानार्थी शब्द ओळखावयास वीस सेकंद पुरतात; काळ-काम-वेगाचे गणित दोन मिनिटे मागते. शिष्यवृत्तीच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न होते. तेव्हा भाषेस २० मिनिटे, गणितास ६० मिनिटे आणि राहून गेलेल्या प्रश्नांसाठी १० मिनिटे, अशी वाटणी आम्ही ठरविली. एखाद्या प्रश्नाची वाट मिनिटभरात दिसली नाही, तर प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढे जावयाचे. एकाच गणिताशी पाच मिनिटे झुंजणारा मुलगा त्या एका गणितावर दोन गुण मिळवितो आणि शेवटच्या पानावरील सोपे चार प्रश्न न वाचताच उठतो.

आता चुकांकडे वळू. त्या सर्व एकाच जातीच्या नसतात, आणि जात ओळखल्याखेरीज औषध सापडत नाही.

पहिली जात वाचनाची. 'पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे?' या प्रश्नातील 'चुकीचे' हा शब्द डोळा गाळतो आणि मूल पहिलेच बरोबर विधान निवडून मोकळे होते. 'नाही', 'अयोग्य', 'विसंगत' हे शब्द आणि रुपये-पैसे, मीटर-सेंटिमीटर ही एकके यांखाली रेघ ओढण्याची सवय लावावी. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत सुमारे पाचव्या हिश्शापर्यंत प्रश्नांना दोन अचूक पर्याय ठेवलेले असत आणि दोन्ही नोंदविणे बंधनकारक असे. तेथे प्रश्नाचे शेवटचे शब्द न वाचणाऱ्याचे ज्ञान फुकट जाई.

दुसरी जात आकड्यांची, आणि येथे आपल्या मराठीची एक विशेष अडचण आहे. आपण 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन मागून. घाईत ६३ चे ३६ होतात ते यामुळे. 'एकोणसाठ' या शब्दात तर साठ ऐकू येतात आणि लिहावयाचे असतात ५९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस' या रूढ नावाबरोबर 'वीस सात' असे वाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे मांडली होती. वादाचा निर्णय कोणी कसाही करो, अडचण खरी आहे. म्हणून मनात संख्या उच्चारून लिहिणाऱ्या मुलास, लिहून झाल्यावर तीच संख्या कागदावरून पुन्हा एकदा वाचावयास सांगावे. याला एक सेकंद लागतो.

याच जातीत एक फसवा सापळा आहे. मूल उत्तर काढते, ते चार पर्यायांत सापडते आणि त्यास वाटते की उत्तर बरोबर आले. पण प्रश्न काढणारा मनुष्य जाणता असतो. मुले कोठे शून्य गाळतात, कोठे हातचा विसरतात, हे त्यास ठाऊक असते. आणि त्या चुकांतून निघणारी उत्तरेच तो पर्याय म्हणून मांडतो. माझ्या प्रश्नास पर्याय द्यावयाचे असते तर 'एक दिवस एक तास' हा मी पहिला दिला असता. तेव्हा पर्यायात उत्तर सापडणे हा पुरावा नव्हे. पुरावा पाहिजे असल्यास 'हे संभवते का?' असा एक प्रश्न स्वतःस विचारावा. नऊ लाख उंबरे एका दिवसात मोजून होतील काय?

तिसरी जात नोंदीची. बत्तिसावा प्रश्न सोडून दिला आणि तेहतिसाव्याचे उत्तर बत्तिसाव्याच्या वर्तुळात भरले, तर पुढील सगळी रांग सरकते. यावर उपाय असा की, प्रश्नपत्रिकेवर उत्तरास खूण करावी आणि एकेक पान संपताच त्या पानाची वर्तुळे, प्रश्नाचा क्रमांक मनात म्हणत, भरावी. सर्व वर्तुळे शेवटासाठी राखून ठेवणे धोक्याचे आहे. शाईने रंगविलेले वर्तुळ पुसता येत नाही, म्हणून फेरविचार करावयाचा तो वर्तुळ भरण्यापूर्वी.

फेरविचारासंबंधी एक समजूत घरोघर आढळते की, पहिले सुचलेले उत्तर बदलू नये. ती खरी नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी खोडून बदललेल्या उत्तरांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ५१ टक्के बदल चुकीकडून बरोबर उत्तराकडे होते आणि २५ टक्केच बरोबर उत्तराकडून चुकीकडे. उरलेले एका चुकीकडून दुसऱ्या चुकीकडे. मग ही समजूत टिकते का? कारण हातचे बरोबर उत्तर घालविल्याची रुखरुख मनात राहते, सुधारलेले उत्तर आपण विसरून जातो. अर्थात कारण सापडले तरच बदलावे. केवळ धास्तीने नव्हे.

आणि शेवटी, कोरे वर्तुळ सोडावे काय? शिष्यवृत्ती परीक्षेत चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नव्हते. तेथे चार पर्यायांच्या आठ प्रश्नांवर अंदाजाने खूण केली तरी सरासरीने दोन बरोबर येतात. 'नीट'मध्ये मात्र चुकीच्या उत्तरास एक गुण कापला जातो. म्हणून परीक्षेचा नियम आधी घरी वाचावा आणि त्याप्रमाणे वागावे.

मावळात भाताची लावणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना जाणत्या बाईचा हात आठवेल. ती घाई करताना दिसत नाही. तरी तिची ओळ सर्वांच्या आधी बांधाशी पोचते, कारण तिला लावलेले रोप पुन्हा लावावे लागत नाही. सरावाचा क्रमही तसाच असावा. आम्ही प्रथम घड्याळ उचलून ठेवले. दहाचे दहा प्रश्न बिनचूक येऊ लागेपर्यंत वेळेचे नाव काढले नाही. मग दहा प्रश्नांस बारा मिनिटे, ते साधल्यावर पंचवीस प्रश्नांस तीस मिनिटे, आणि अखेरीस पंचाहत्तर प्रश्नांस नव्वद. हिशेब करून पाहा, तिन्ही ठिकाणी प्रश्नास ७२ सेकंदच पडतात. गती तीच ठेवून अंतर वाढवीत नेले.

जोडीस एक चुकांची वही केली. प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिहावयाचा: वाचन, आकडा, नोंद, की अज्ञान. महिन्याने ती वही घेऊन आम्ही बसलो. बहुतेक पानांवर एकच शब्द होता, 'आकडा'. आणि त्यांतही शून्ये आणि उलटलेल्या संख्या. मुलीने पाने चाळली आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, मी धांदरट नाही. माझी शून्यं राहतात." पुतण्या काही बोलला नाही, त्याने नुसती मान हलविली.

माझ्या मते तिची खरी परीक्षा त्या दिवशीच झाली. स्वतःस धांदरट मानणारे मूल प्रत्येक प्रश्नास भीत भीत हात घालते, आणि भीतीने मनाचा जो भाग व्यापला जातो तोच हिशेबास हवा असतो. 'माझी शून्ये राहतात' हे ज्यास कळले, त्यास फक्त शून्ये सांभाळावयाची असतात. तेव्हा पुढच्या वेळी आपल्या घरी उत्तरपत्रिका तपासून येईल, तेव्हा 'लक्ष कोठे होते?' हा प्रश्न विचारू नका. त्यास कोणत्याही मुलाकडे उत्तर नसते. त्याऐवजी शेजारी बसा, वही उघडा आणि विचारा, "ही चूक कोणत्या जातीची?"