तेलइंजिनाचा धूर आणि दोषाची परीक्षा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी अडविणारा बंधारा व त्यातील पाणीमहाल पाहावयास पावसाळ्यात पुष्कळ लोक येतात. भोवतालच्या शेतीची भिस्त मात्र मोठ्या प्रमाणावर विहिरींवर आहे. विजेचे पंप आता सर्वत्र झाले असले, तरी वीज नसेल त्या वेळी उपयोगी पडावे म्हणून हॅन्डल मारून चालू करावयाचे, मोठ्या चाकाचे जुने डिझेल इंजिन कित्येक शेतकऱ्यांनी जपून ठेवलेले असते. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली; पुढील काळात अशी इंजिने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचयाची झाली.

असे इंजिन धूर ओकू लागले व त्याची चाल बिघडली की लगेच हेड खोलावयाचे, ही पद्धत नुकसानीची आहे. खोललेले इंजिन सुट्या भागांसाठी दिवसचे दिवस पडून राहते, आणि ज्वारी पोटरीत असताना चुकलेले पाणी मागाहून देऊन भरून निघत नाही. म्हणून धुराचा रंग, त्याचा वास व इंजिनाचा आवाज यांवरून दोष कोठे आहे हे आधी ठरवावे. पुष्कळदा तो इंजिनाच्या बाहेरच असतो.

ही परीक्षा इंजिन चांगले तापल्यावर व पंप पाणी देत असतानाच करावी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पुरेशी हवा, बारीक फवारा व पुरेसा दाब या तिहींपैकी काय उणे पडले, ते धुरावरून कळते.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा अपुरी. प्रथम हवेची गाळणी पाहावी. काळ्या जमिनीतील धुळीने उन्हाळ्यात गाळणीतील तेलाचा चिखल झालेला असतो. ती रॉकेलने वा डिझेलने धुऊन खुणेपर्यंतच ताजे तेल भरावे. धुराडे काजळीने तुंबले असल्यास तेही झाडावे. एवढ्याने धूर न गेल्यास भाराचा विचार करावा, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. पाणी खोल गेले म्हणजे इंजिनावर ताण येतो, असा सर्वसाधारण समज आहे. विहिरीवरील नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचे वर्तन याच्या उलट असते. विहीर तुडुंब भरून उपसा उथळ झाला की पंप अधिक पाणी फेकतो व अधिक शक्ती खातो. उन्हाळ्यात निर्धूर चालणारे इंजिन पावसाळ्यानंतर काळे ओकू लागते ते यामुळे. अशा वेळी बाहेर फेकणाऱ्या नळावरील व्हॉल्व्ह थोडा आवळून पाहावा. धूर निवळला, तर इंजिन निर्दोष आहे असे समजावे. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाची पुली बदलली असेल, तर तिचीही चौकशी करावी. पंपाचा वेग दहा टक्क्यांनी वाढला की लागणारी शक्ती सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. हे सर्व ठीक असूनही धूर राहिला, तरच नोझल तपासण्यास न्यावे. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये; तो कातडीतून आत शिरतो व जखम लहान दिसली तरी रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे लागते.

पांढऱ्या धुराबाबत वास निर्णायक ठरतो. थंडीत चालू करताना तो काही मिनिटे निघणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडत आहे. फवाऱ्याची वेळ चुकली आहे किंवा दाब कमी झाला आहे. धुराला तिखट वास नसून ती केवळ वाफ असेल, तर पाणी आत शिरत आहे. ते डिझेलमधून आले काय, हे टाकीच्या तळाचे थोडे डिझेल बाटलीत घेऊन स्थिर ठेवल्यास दिसते, कारण पाणी खाली बसते. तसे नसल्यास हेडच्या गॅस्केटवर संशय घ्यावा. इंजिनातील तेल दुधाळ झाले असेल, तर ते इंजिन मुळीच चालवू नये.

मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या एकसिलिंडरी इंजिनात दर दोन फेऱ्यांस एक, म्हणजे ३२५ ठोके पडतात. ते एकसारखे ऐकू येतात. मधूनमधून ठोका चुकत असेल, तर डिझेलच्या नळीत हवा शिरली असण्याचा संभव मोठा. टाकी रिकामी होऊ दिली की हमखास असे होते. डिझेल गाळणीचा व नंतर पंपाचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. वेग ठरावीक अंतराने वाढत व कमी होत असेल, म्हणजे इंजिन झोके घेत असेल, तर गव्हर्नरचे सांधे अडखळतात काय ते पाहून साफ करावेत.

निळा धूर वंगणतेल जळत असल्याची खूण आहे. गाळणीत वा इंजिनात तेल खुणेच्या वर भरले असल्यास जास्तीचे काढून टाकावे. तेल प्रमाणात असूनही निळा धूर येतो, तेल रोज कमी होते व ब्रीदरमधून धुराचे फुत्कार निघतात, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर रिंगा व लाइनर झिजले आहेत. येथे मात्र इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. उभ्या पिकाचे पाणी शेजाऱ्याच्या पंपावरून घेण्याची तजवीज आधी करून मगच ते खोलावे. वंगणतेल हवेबरोबर जोराने खेचले गेल्यास इंजिन डिझेल बंद करूनही भरधाव सुटते. अशा वेळी फ्लायव्हीलसमोरून दूर होऊन, हवा घेणाऱ्या तोंडावर फळी घट्ट दाबावी. हाताचा वा सैल कापडाचा उपयोग करू नये.