राजा नसताना नेता कोण? एका सुंदर गृहीतकाची गोष्ट



पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये आम्हाला एक काम दिलं होतं. आपल्या विषयाबाहेरचं, एकेकाळी गाजलेलं पण पुढे मागे पडलेलं एक गृहीतक निवडा आणि ते का टिकलं नाही ते समजावून सांगा. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, तरी निवडला प्राचीन इस्राएल. त्यातून जे शिकले ते माझ्याच सिनॉप्सिसला उपयोगी पडलं, म्हणून हा लेख.

प्रश्न काय होता?

शौल आणि दावीद हे राजे होण्याआधी, साधारण इ.स.पू. 1200 ते 1000 या काळात, इस्राएली वंश कनानच्या डोंगराळ भागात लहान वस्त्या करून राहत होते. राजा नाही, राजधानी नाही, कायमचं सैन्यही नाही. या काळाच्या कथा असलेल्या ग्रंथाला मराठी बायबलमध्ये 'शास्ते' म्हणतात. हे शास्ते वंशपरंपरेने येत नसत. संकट आलं की एखाद्याला देवाने उभं केलं अशी लोकांची श्रद्धा असे. तो माणसं गोळा करायचा आणि लढायचा. त्याच्या मागे मुलगा आपोआप नेता होत नसे. माक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने याला करिष्म्यावर उभ्या असलेल्या नेतृत्वाचं उदाहरण मानलं.

मग दोन संकटांच्या मधल्या काळात या वंशांना कोण बांधून ठेवत होतं?

गृहीतक

1930 मध्ये मार्टिन नोट या जर्मन अभ्यासकाने उत्तर दिलं. ग्रीसमध्ये डेल्फीच्या मंदिराभोवती जसा संघ होता, तसाच बारा वंशांचा संघ इथेही एका मध्यवर्ती पवित्र स्थानाभोवती होता. बारा हा आकडाही त्यात नीट बसत होता. बारा वंश, बारा महिने, पवित्र स्थानाची व्यवस्था पाळीपाळीने. ही मांडणी कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिली.

तपासून बघू

आता तुम्हीच परीक्षक व्हा.

पहिली तपासणी: 'शास्ते'च्या पाचव्या अध्यायात दबोरेचं विजयगीत आहे. अनेक अभ्यासक ते बायबलच्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक मानतात. त्यात गट मोजले तर दहाच भरतात. सहा लढाईला आले. रऊबेन, गिलाद, दान आणि आशेर आले नाहीत. यहूदाचं तर नावच नाही. न येणाऱ्यांना बोल लावले आहेत, पण त्यांना शिक्षा करणारी कुठलीही यंत्रणा दिसत नाही.

दुसरी तपासणी: पवित्र स्थान एकच हवं होतं. पण कथांमध्ये शिलो, बेथेल, मिस्पा, गिलगाल अशी बरीच ठिकाणं येतात.

तिसरी तपासणी कागद-पेन घेऊन करा. ग्रंथात दिलेली गुलामगिरीची, शांततेची आणि शास्त्यांच्या कारकिर्दीची सगळी वर्षं बेरजेला घ्या. उत्तर येतं 410. काळ मात्र जेमतेम दोनशे वर्षांचा! शिवाय 40 हा आकडा सारखा येतो. म्हणजे हे नेते एकामागून एक सगळ्या देशावर नव्हते. ते आपापल्या भागापुरते असावेत, आणि नंतरच्या संपादकाने त्यांना एका ओळीत बसवलं असावं.

1970च्या दशकात नोटचा संघ मागे पडला.

मग उरलं काय?

इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. 1208च्या सुमारास, इस्राएल हे नाव येतं. त्यापुढचं चिन्ह प्रदेशाचं नाही, लोकसमूहाचं आहे. म्हणजे राजा नव्हता तेव्हाही 'आपण' ही ओळख होती. श्रद्धेने हाक देता येत होती, हुकूम मात्र चालत नव्हता. गिदोनाची कथा हीच ओढाताण दाखवते. राज्य तुमच्यावर देवच करील, असं सांगून तो राजपद नाकारतो. पण त्याचाच मुलगा अबीमलेख भावांना मारून शखेमात राजा होतो.

आपल्यासाठी

नोट कच्चा अभ्यासक नव्हता. त्याने दुसरीकडचा साचा आणला, तो छान बसला, आणि न बसणारे कोपरे बराच काळ कोणी नीट मोजले नाहीत. मीही माझ्या सिनॉप्सिसमध्ये एका वेगळ्या सिस्टिमचं मॉडेल असंच उचललं होतं. आता त्याखाली एक ओळ वाढवली आहे: 'हे चूक असेल तर माझ्या डेटात काय दिसेल?'

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ही ओळ आहे का? नसेल तर गाईडकडे जाण्याआधी लिहून टाका.